मानाचा एकच पाट

मांडव भरला गं, पाट मानाचा एक
बसल्यानं सरकावं, उभा कुणाचा लेक

शशिधरची आई शेवया करताना ही ओवी म्हणायची. उन्हाळ्यात, वाईच्या घराच्या गच्चीवर, शेजारणी जमवून. पिठाची तार ओढता ओढता तिचा सूर लांबत जायचा आणि शेवटच्या 'लेक'वर अलगद तुटायचा, शेवई तुटावी तसा. लहानग्या शशीला प्रश्न पडायचा, की बसलेला सरकला तर दोघेही पाटावरून पडणार नाहीत का? एकदा त्यानं विचारलंही. हातातलं पीठ न सोडता आई म्हणाली होती, "पडत नाही रे कुणी. अर्धं ढुंगण टेकलं तरी माणसाचं जेवण होतं."

आई जाऊन अकरा वर्षं झाली. तरी तिचा आवाज असा कधीही येई. त्या रविवारी तो जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात आला, शशिधर शेंगदाण्याचं कूट करत असताना.

"अहो, पुरे की आता," शुभा म्हणाली. "खिचडीला कूट हवंय मला, तेल नकोय. कुठे लक्ष आहे तुमचं?"

"इथेच आहे."

"इथे असतं तर मिक्सर बंद झाला असता. चार वाजता पोर येईल."

पोर म्हणजे कुहू. शशिधरच्या जुन्या मित्राची, हृषिकेशची मुलगी. एर्लांगेनमध्ये जन्मली, वाढली आणि दोन वर्षांपूर्वी आर्किटेक्चर शिकायला इथल्या विद्यापीठात आली. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायला लागली की मध्येच जर्मन शब्द घुसायचे. शुभाच्या हातच्या साबुदाण्याच्या खिचडीसाठी ती महिन्यातून एकदा यायची आणि 'काकू, नॉख माल' म्हणत तीनदा वाढून घ्यायची.

आज मात्र तिनं पहिल्या घासालाच लॅपटॉप उघडला.

"काका, हे बघा. आमच्या हाउसच्या भिंतीसाठी. अजून कोणालाच दाखवलं नाहीये."

हाउस म्हणजे गावाच्या जुन्या भागातला एक दुमजली बंगला. विद्यार्थ्यांच्या एका सव्वाशे वर्षांच्या मंडळाचा. तिथे स्वस्तात खोली मिळते, समारंभाला छातीवर आडवी बांधायची निळी-सोनेरी फीत मिळते आणि मिळतात जन्मभराचे भाऊ. शिकणं संपून पोट सुटलं, केस गेले, तरी भाऊपण सुटत नाही. नव्या मुलाला म्हणतात फुक्स, म्हणजे कोल्हा. कोल्ह्यानं जुन्यांतला एक पाठीराखा निवडायचा, वर्षभर भांडी घासायची, गाणी पाठ करायची, आणि मग त्याला भाऊ करून घ्यायचं की नाही यावर मतदान. सहा वर्षांपूर्वी मुलींनाही दार उघडलं. कुहू यंदाची कोल्हीण होती. येत्या शनिवारी, सव्वाशेव्या वाढदिवसाला, तिला फीत मिळायची होती.

शशिधरला ती फीत मिळून सत्तावीस वर्षं झाली होती. त्या घराच्या सव्वाशे वर्षांतला तो पहिला हिंदुस्तानी.

पडद्यावर एक जुना फोटो होता. हाउसच्या पायऱ्यांवर बारा तरुण. तिसऱ्या पायरीवर, सगळ्यांत किडकिडीत, शशिधर. फोटोखाली इतिवृत्ताच्या वहीतलं पान: 'नोव्हेंबर १९९९. उमेदवार हृषिकेश. मतं बारा. पांढरी अकरा, काळं एक. नामंजूर.' त्याखाली ठळक अक्षरांत एक वाक्य: 'एक महाराजा पुरे आहे आपल्याला.'

"हे वाक्य त्या माणसाचं आहे," कुहूनं फोटोतल्या एका उंच, दाढीवाल्या मुलावर बोट ठेवलं. "योखेन. बाबांनी सांगितलं. मी नाव नाही घातलेलं. पण जुन्या लोकांना सगळ्यांना माहितीये. त्यानंच काळा गोळा टाकला. कारण काय, तर बाबांचा रंग."

शशिधरनं चमचा खाली ठेवला.

"बाबा येणार आहेत शनिवारी," ती म्हणाली. "पहिल्यांदा! सव्वीस वर्षं त्या रस्त्यानं गेले नाहीत ते. मी फुक्स झाले तेव्हा महिनाभर बोलले नव्हते माझ्याशी. म्हणाले, बंद दारांच्या घंट्या वाजवायच्या नसतात. मी म्हटलं, बाबा, आल्झो, तर मग मी आत जाणार आणि आतूनच खरं काय ते भिंतीवर लावणार. मग तयार झाले." तिचे डोळे चमकत होते, अगदी बापासारखे. "आणि तुम्ही दोन मिनिटं बोलायचं, काका. तुम्ही एकटेच असे आहात की आतलेही आहात आणि बाबांचे मित्रही. तुम्ही बोललात की कोणी म्हणू शकणार नाही, पोरीनं बनवलं म्हणून."

"बोलतील की," शुभा खिचडी वाढता वाढता म्हणाली. "यांच्याशिवाय कोण होतं गं तुझ्या बाबांच्या बाजूनं तिथे?"

शशिधर म्हणाला, "बघू."

"बघू नाही, काका. जा?"

जा म्हणजे जर्मनमध्ये हो. त्यानं मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

*

ती पेटी अजून त्याच्या हाताला आठवत होती.

सागवानासारख्या गडद लाकडाची, समोरून गोल भोक आणि भोकाला चामड्याची बाही. प्रत्येकाला दोन लाकडी गोळे, एक पांढरा, एक काळा. बाहीतून हात आत घालायचा. हवा तो गोळा पेटीत सोडायचा, नको तो मुठीत झाकून शेजारच्या कापडी पिशवीत टाकायचा. आत काय केलंत ते शेजारी बसलेल्यालाही दिसत नाही. आणि नियम असा, की एक काळा गोळा पुरे. भाऊ व्हायचं तर सगळ्यांचा.

शशिधरच्या वेळी बाराच्या बारा पांढरे पडले होते. त्या दिवशी योखेननं, त्याच्या पाठीराख्यानं, त्याला खांद्यावर उचलून अंगणात फिरवलं होतं. प्रत्येक भावाला तिथे एक टोपणनाव मिळतं. याला मिळालं 'महाराजा'. वाईच्या पोस्टमास्तरचा मुलगा महाराजा झाला! पहिल्यांदा त्याला हसू आलं, मग थोडं बोचलं, मग त्या नावाची सवय झाली आणि शेवटी शेवटी तर त्याला ते आवडायलाही लागलं. त्यानं त्यांची गाणी दुसऱ्या कडव्यापासून पुढेही पाठ केली होती. मे महिन्यात पांढऱ्या श्पार्गेलची, म्हणजे शतावरीच्या कोंबांची, साल काढावी तर महाराजानंच, असं लोक म्हणत. त्याला स्वतःची अशी एक जागा होती. एकच, पण त्याची.

आणि मग हृषिकेश आला.

कोल्हापूरचा. बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं. विद्यापीठाच्या मेन्सामध्ये, म्हणजे खानावळीत, भरल्या बाकाशी ताट घेऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "शश्या, सरक की जरा!" बाजूला जागा रिकामी असली तरी तिथे बसायचा नाही. त्याला शशीच्याच शेजारी बसायचं असायचं. हाउसमध्ये फुक्स म्हणून आला तेव्हा लसणाच्या चटणीची बरणी घेऊन आला आणि ब्रेडवर लावून सगळ्यांना भरवत सुटला. अर्ध्यांच्या डोळ्यांतून पाणी, अर्ध्यांना पुन्हा हवी. पाठीराखा निवडायची वेळ आली तेव्हा एका क्षणाचाही विचार न करता त्यानं शशिधरच्या खांद्यावर हात ठेवला.

मुलगा लाख चांगला होता. चूक त्याची काहीच नव्हती.

पण दोन महिन्यांत एक गोष्ट घडली. लोक शशिधरला हृषिकेश म्हणायला लागले. आणि हृषिकेशला शशी. एक ताडमाड उंच, दुसरा काडीपैलवान, एकाला चष्मा, दुसऱ्याला मिशा, तरी. कुणी मुद्दाम करत नव्हतं. चूक लक्षात आली की सॉरी म्हणत, हसत. एकदा दोघं जिन्यावरून उतरत होते आणि खालून कुणीतरी सहज ओरडलं, "आले आपले इंडियन!" हृषिकेशनं खालच्याला टाळी दिली. शशिधर पायरीवर थांबला. दोन वर्षांत त्याला तिथे कुणी इंडियन म्हटलं नव्हतं. तो एकटा होता तोवर तो शशी होता, महाराजा होता, साली काढणारा होता. दुसरा आला आणि तो एका गठ्ठ्यातला झाला.

त्याच आठवड्यात एकदा बिअरच्या टेबलाशी योखेन डोळा मारून म्हणाला, "सांभाळ हं! एक महाराजा पुरे आहे आपल्याला." सगळे हसले. शशिधरही हसला. पण ते वाक्य त्याच्या पोटात जाऊन बसलं. त्याला वाटलं, खरंच आहे. पाट एकच आहे.

नोव्हेंबरातल्या त्या दुपारी त्यानं चामड्याच्या बाहीत हात घातला तेव्हा दोन्ही गोळे घामानं ओले झाले होते.

पेटी उपडी केली. अकरा पांढरे टेबलावर घरंगळले. त्यांच्या मागून, थोड्या वेळानं, एक काळा.

सगळ्यांनी योखेनकडे पाहिलं.

बाहेर पायऱ्यांवर हृषिकेश वाट बघत बसला होता. निकाल ऐकून तो पायरीवरून उठला. मग शशिधरकडे बघून म्हणाला, "जाऊ दे रे शश्या. तुझं तरी पांढरं होतं ना, मला तेवढं बास." शशिधर हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. त्यानं फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोंडानं एक अक्षरही खोटं न बोलता, नुसत्या हातानं माणूस किती खोटं बोलू शकतो, ते त्याला त्या दिवशी कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात हृषिकेशनं पीएच.डी. अर्धवट सोडली आणि एर्लांगेनला नोकरी धरली. योखेन महिनाभर सांगत राहिला, की मी नाही. पण गुप्त मतदानात कुणी आपलं पांढरेपण सिद्ध कसं करणार? पेटीत हात घातलेल्याला साक्षीदार नसतो. एक दिवस त्यानं फीत घडी करून टेबलावर ठेवली आणि गेला, तो परत आला नाही.

शशिधरचा पाट मात्र शाबूत राहिला. अगदी ऐसपैस.

*

बुधवारी तो वोल्फेनब्युटेलला गेला. योखेनची तिथे गावाबाहेर छोटी बाग होती, एक झोपडी, चार वाफे. शशिधर वर्षातून एकदा तिथे जायचा, वाढदिवसाला. त्या दिवशी वाढदिवस नव्हता.

योखेन लाल बेरीच्या झुडपांपाशी बादली घेऊन बसला होता. दाढी पांढरी झाली होती, गुडघे धरले होते. "महाराजा! बिनतारखेचा? कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग बस आणि तोड."

दोघं बेऱ्या तोडत बसले. शशिधरनं कुहूच्या फलकाबद्दल सांगितलं. फोटो, वहीचं पान, खालचं वाक्य. योखेनचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू लागले.

"ते वाक्य माझंच आहे," तो म्हणाला. "ते लावू दे तिला. गेनाऊ, अगदी तसंच. ते मी बोललो आणि ते घाण होतं. तेव्हा मला गंमत वाटली. आता माझी नात शाळेतून असलं काही ऐकून आली की मला ती वाटत नाही. त्याची लाज माझी." त्यानं एक घोस ओंजळीत झटकला. "पण गोळा माझा नव्हता, शशी."

"माहितीये मला."

"तुला माहितीये, कारण तू भला आहेस. तू एकटाच येत राहिलास." योखेन हसला. "तुला सांगू? इतकी वर्षं मी रोज रात्री झोपायच्या आधी एकेकाला आठवतो. डिर्क होता? फोल्कर होता? दहाच्या दहा जणांवर मी आळीपाळीनं संशय घेतलाय. दोन जणांच्या लग्नाला गेलो नाही त्यापायी. फक्त तुझ्यावर कधी घेतला नाही. आपल्या माणसाला कोण बाहेर ठेवतं?"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण तेवढ्यात योखेननं त्याच्या हातात भरलेला डबा ठेवला. "शुभाला दे. ती त्या तुमच्या वेलचीचं काहीतरी करते ना?"

शशिधर डबा मांडीवर घेऊन बसनं घरी आला. चोराला घरधन्यानंच शिदोरी बांधून द्यावी, तसं त्याला वाटत होतं.

शुभानं बेऱ्यांचा मुरांबा केला. शशिधरनं तो खाल्ला नाही.

*

शनिवारी ऊन लख्ख होतं. हाउसच्या सभागृहात जुन्या भावांची गर्दी झाली होती. फिती पोटांवरून ताणलेल्या, टोप्या टकलांवर सरकलेल्या. पहिल्या रांगेत लांब लाकडी बाक होतं. शशिधर आणि शुभा तिथे बसले होते. समोरच्या भिंतीवर पांढऱ्या कापडाखाली कुहूचा फलक.

"शश्या! सरक की जरा!"

सगळं सभागृह वळून बघण्याइतका तो आवाज मोठा होता. हृषिकेश दारात उभा होता. केस पांढरे, मिशा पांढऱ्या, अंगात नवा कोट. बाकावर पलीकडे दोन जागा रिकाम्या होत्या. त्यानं तिकडे पाहिलंही नाही.

शशिधर सरकला. हृषिकेश धपकन शेजारी बसला आणि त्यानं शशिधरचा हात घट्ट धरला. त्याचा तळवा थंडगार होता.

"खालच्या पायरीवरून दोनदा मागे फिरलो रे," तो हळू आवाजात म्हणाला. "या वयात! हसू नकोस. वहिनी, हसू देऊ नका याला."

"ते कुठले हसतायत, भाऊजी," शुभा म्हणाली. "आठवडाभर घरात मौनव्रत आहे."

"पोरीनं आणलं मला आत," हृषिकेश म्हणाला. "पण खरं सांगू? मी पूर्ण बाहेर कधीच नव्हतो. तू होतास ना इथे. मी म्हणायचो, चला, आपला एक माणूस आत आहे."

कुहूला व्यासपीठावर बोलावलं. अध्यक्ष मुलीनं तिच्या खांद्यावरून निळी-सोनेरी फीत घातली. टाळ्या झाल्या. हृषिकेश टाळ्या वाजवता वाजवता उघड रडला आणि रुमाल नाही म्हणून त्यानं शुभाचा घेतला. मग कुहूनं भिंतीवरचं कापड ओढलं. जुने भाऊ पुढे वाकून वाचायला लागले. मागच्या रांगेतला एक म्हातारा पुटपुटला, "योखेन. हो, योखेनच." आणखी दोघांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, "मी तेव्हाच म्हणत होतो."

किती सहज म्हणाले ते! किती हलकं होतं त्यांना!

"त्या वेळी या खोलीत असलेले, माझ्या बाबांचे मित्र, आता बोलतील," कुहू माइकमध्ये म्हणाली. "शशिधरकाका."

शशिधरच्या खिशात कागद होता. त्यावर त्यानं चार वाक्यं लिहून आणली होती, काळ बदलला आहे, दारं उघडली आहेत, अशा अर्थाची. चारही वाक्यांत खोटं काहीच नव्हतं. त्याच्या त्या दिवशीच्या हातासारखीच होती ती.

आईचा सूर आला. मांडव भरला गं. ती ओवी कुणाला उद्देशून आहे, हे त्याला इतक्या वर्षांत उमगलं नव्हतं. त्याला नेहमी वाटे, उभ्या असलेल्या लेकाची ती कीव आहे. नव्हती. ती बसलेल्याला सांगितलेली होती.

तो उठला नाही. आधी हृषिकेशकडे वळला. हे त्यानं पहिल्यांदा जर्मनमध्ये ऐकू नये, एवढीच एक गोष्ट त्याच्या हातात उरली होती.

"हृष्या," तो मराठीत म्हणाला, "तो काळा गोळा माझा होता."

हृषिकेश हसला. थट्टा ऐकून हसावं तसा. मग त्यानं शशिधरच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू हळूहळू विझलं.

"काय बोलतोयस तू?"

"तू आलास आणि मी त्यांना इंडियन दिसायला लागलो. मला वाटलं, जागा एकाचीच आहे. तू तिथे बाहेर पायऱ्यांवर बसला होतास, आणि मी आत..." पुढचं वाक्य त्याला जोडता येईना. "तू चांगला होतास रे. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

शुभाचा हात तोंडावर गेला. हृषिकेशनं धरलेला हात सोडला नाही, तो नुसता सैल पडला, जिवंत आहे की नाही कळू नये असा. व्यासपीठावरून कुहू बघत होती. मराठी तिला सगळं कळायचं, पण इतक्या लांबून, इतकं हळू बोललेलं तिला ऐकू आलं नव्हतं.

"काका?" ती माइकमध्ये म्हणाली. "काय झालं?"

मराठीत सांगितलं ते हृषिकेशचं होतं. पण वोल्फेनब्युटेलला एक माणूस बेरीच्या झुडपांपाशी बसला होता, आणि त्याचं नाव या खोलीत आत्ताच दोनदा घेतलं गेलं होतं. त्याच्यासाठी तेच जर्मनमध्ये, मोठ्यानं, सगळ्यांदेखत सांगायला हवं होतं.

शशिधर उठला. खिशातला कागद त्यानं बाकावर ठेवला, स्वतःच्या रिकाम्या जागेवर. चार पायऱ्या चढून तो गेला, कुहूच्या हातून माइक घेतला आणि तिच्या नव्या कोऱ्या फितीकडे एकदा पाहिलं.

"नोव्हेंबर नव्व्याण्णवमध्ये त्या पेटीत काळा गोळा मी टाकला," तो म्हणाला. "योखेननं नाही. मी."